मांजर आधी बघा, मग घडवा: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत मंडळी जमतात. कुणी शाडू मळतं, कुणी क्रोशाची सुई चालवतं, कुणी फोनमधला आपल्या मनीचा फोटो सगळ्यांना दाखवत फिरतं. विषय एकच, मांजर. प्रदर्शनात टेबल मांडलं की तिथंही तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न कलेचे आहेत, काही मांजराच्या खोडींचे. आम्ही ते वेगळे काढत बसलो नाही, कारण खोड कळली की हातातली वस्तू सुधारते, हे इथं येणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत दिसलं आहे.

मला चित्रकलेचा गंध नाही. तरी जमेल का?

जमेल. शाळेत चित्रकलेला काठावर पास झालेली माणसं इथं जास्त आहेत. हात वळायला वेळ लागतो, पण घरात मांजर असेल तर निम्मं काम रोज डोळ्यांसमोर लोळत असतं.

मी मांजर काढलं की कधी कुत्रा दिसतो, कधी ससा. नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा कान आणि मागचे पाय.

कान डोक्यावर टोपीसारखे ठेवू नका. मांजराच्या कानाची बाहेरची कड गालाच्या रेषेतूनच वर जाते, आणि दोन कानांच्या मध्ये साधारण एक कान मावेल एवढी जागा असते. ती जागा कमी झाली की ससा होतो. कानाच्या बाहेरच्या कडेला, अगदी खाली, कातडीची एक छोटी दुहेरी दुमड असते. एवढीशी ती दुमड मातीत दाखवली तरी बघणारा म्हणतो, "अरे, हे खरं वाटतंय." आपल्या मांजराच्या कानाला हात लावून बघा, लगेच सापडेल.

मागच्या पायात जो सांधा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच. मांजर बोटांवर चालतं, त्यामुळे टाच जमिनीपासून बरीच वर राहते. गुडघा त्याहून वर, पोटाजवळ, केसांत लपलेला. हे एकदा लक्षात आलं की बसलेलं मांजरही नीट बसतं.

बोटं मोजा. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. पुढचं पाचवं बोट जरा वर, आतल्या बाजूला असतं आणि जमिनीला टेकत नाही. मिशा दोन्ही गालांवर साधारण बारा-बारा, चार ओळींत. डोळ्यांवर वेगळ्या. पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, मनगटाजवळही काही असतात, त्या कुणी काढतच नाही. शिकार पंजात आली की ती हलते का, हे मांजराला या मनगटाच्या मिशांवरून कळतं, कारण तोंडाजवळचं त्याला धड दिसत नाही.

मान लांब केलीत तर मात्र काही इलाज नाही.

ते एका जागी बसतच नाही. काढायचं कसं?

झोपू द्या. मोठं मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, एवढा सहनशील मॉडेल दुसरा मिळणार नाही. दुपारी जेवणं झाली, पंखा लागला की वही घ्या. खोडरबर लांब ठेवा. आधी पाठीची एकच रेष, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत, पेन्सिल न उचलता. मांजर हललं तर ते चित्र तिथंच सोडून शेजारी दुसरं सुरू करा. पानभर अर्धवट मांजरं झाली की समजा, नीट चाललंय.

फोटोवरून काढणार असाल तर जमिनीवर बसून फोटो काढा. उभ्यानं काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय चिमुकले येतात, आणि तीच चूक मातीत उतरते.

डोळे कसे रंगवायचे?

पिल्लाचे निळे. हा निळा रंग सहा-सात आठवड्यांनंतर बदलायला लागतो आणि तीन-चार महिन्यांत पिवळा, हिरवा, तांबूस, जो काय व्हायचा तो होतो. डोळ्यातली बाहुली मात्र उजेडावर ठरवा. कौलांवर उन्हात बसलेलं मांजर दाखवायचं असेल तर उभी बारीक चीर, संध्याकाळचं असेल तर मोठी गोल. भर उन्हातल्या मांजराला गोल बाहुल्या दिल्या की ते घाबरलेलं दिसतं, कारण घाबरल्यावरही त्या अशाच पसरतात.

अर्धे मिटलेले डोळे आम्हाला सगळ्यात आवडतात. आपण मांजराकडे बघून सावकाश डोळे मिटले तर तेही बऱ्याचदा तसंच करतं. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्टस्मथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. असे डोळे काढायलाही सोपे, दोन तिरक्या रेषा की झालं.

आमची तिरंगी आहे. "तिरंगी बोका मिळाला तर नशीब उघडतं" असं सासूबाई म्हणतात. बोका असा नसतोच का?

असतो, पण साधारण तीन हजारांत एखादा.

केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मांजरीत एक्स दोन, बोक्यात एकच. बोक्याला एकतर केशरी मिळणार, नाहीतर काळा. मांजरीच्या एका एक्सवर केशरी आणि दुसऱ्यावर काळा आला, तर गर्भातच प्रत्येक पेशीत दोहोंतला एक एक्स गप्प बसतो. कुठला बसेल याला नियम नाही. म्हणून अंगावर केशरी आणि काळ्याचे वेडेवाकडे ठिपके. पांढरा रंग तिसऱ्याच जनुकाचा. तिरंगी बोका जन्मतो तो बहुधा एक एक्स जास्तीचा घेऊनच, आणि त्याला पिल्लं होत नाहीत. हे केशरी जनुक नेमकं कोणतं, ते अगदी अलीकडे कळलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि जपानमधल्या क्यूशू विद्यापीठांतल्या गटांनी २०२५ मध्ये ते छापलं.

आता कामाचं. हे ठिपके दोन बाजूंना सारखे काढू नका. नवशिके डाव्या गालावर काळा दिला की उजव्यावरही देतात, आणि मांजर छापील दिसायला लागतं. आमच्याकडे एक आजी येतात, त्या तिरंगी मांजर जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून गोधडीसारखं जोडतात. हाताला येईल तो तुकडा पुढं. त्यांच्याएवढी खरी तिरंगी आमच्यापैकी कुणालाच जमलेली नाही.

पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची आहे. हाक मारली तर ढिम्म.

ऐकू येत नसण्याची शक्यता बरीच आहे. पांढरी, दोन्ही डोळे निळे, अशा मांजरांत बहिरेपण खूप आढळतं. एक डोळा निळा असेल तर बऱ्याचदा त्याच बाजूचा कान गेलेला असतो. तिच्या पाठीमागे, वारा न लागता, टाळी वाजवून बघा. बहिरी निघाली तर तिला घरातच ठेवा, रस्त्यावरची गाडी तिला कळणार नाही. पायानं फरशीवर थाप मारली की ती वळेल, हादरा पंजांना कळतो.

शाडूचं मांजर वाळताना तडकतं. उपाय?

हा प्रश्न मार्चपासून जूनपर्यंत सारखा येतो, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष कमी, हवेचा जास्त. नाशिकचा उन्हाळा कोरडा. बाहेरची माती भराभर सुकून आकसते, आतली ओलीच राहते, मग पाठीवर भेग.

पहिली गोष्ट, भरीव गोळा करू नका. वर्तमानपत्राचा घट्ट बोळा करून त्याला दोऱ्यानं आवळा आणि त्यावर माती चढवा, सगळीकडे सारख्या जाडीची. बोटाच्या पेरापेक्षा जाड नको. मातीत कागदाचा भिजवलेला लगदा मिसळला तर ती आणखी धरून राहते. आत तार घालायचा मोह टाळा. माती आकसते, तार आकसत नाही, आणि शेपूट बरोबर तारेवरच फुटते. शेपूट अंगाला चिकटवून, पायांभोवती वळवून द्या. मांजरं बसतातही तशीच, आणि काम टिकतं.

कान जोडताना दोन्ही पृष्ठांवर टाचणीनं ओरखडे काढा, पाण्यात कालवलेली दाट माती लावा, दाबा, आणि सांध्यावर बोट फिरवून तो दिसेनासा करा. नुसता कान टेकवला तर वाळल्यावर हातात येतो.

मग सावलीत ठेवा. पहिले दोन दिवस ओलसर फडकं, त्यावर सैल प्लॅस्टिक. कान आणि शेपटीचं टोक आधी सुकतं, तिथं फडकं जास्त वेळ राहू द्या. उन्हात अजिबात नको, पंख्याखाली तर नकोच. वाळलं की नाही बघायचं तर ते गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे, रंग लावायला अजून थांबा. भाजत नसल्यामुळे हे मांजर पाण्यात विरघळणार, म्हणून पावसाळ्यात खिडकीत ठेवू नका.

माती गणपतीच्या कारखान्यांत मिळते. गणपती झाल्यावर विचारा, त्यांनाही तेव्हा बोलायला सवड असते.

क्रोशाचं मांजर पहिल्यांदा करतेय. कुठून सुरू करू?

डोक्यापासून. चार पदरी अॅक्रिलिक लोकर आणि अडीच मिलिमीटरची सुई घ्या. पाकिटावर याहून जाड सुई सुचवलेली असते, पण टाके घट्ट हवेत, नाहीतर आतला कापूस डोकावतो. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या फाशात, सहा मुके खांब (साधे आखूड टाके), पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. पुढं न वाढवता पाच-सहा फेऱ्या सरळ, मग तशीच घट. फेरी कुठं सुरू झाली ती खूण म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा ओवत चला.

कान जोडायच्या आधी टाचण्यांनी लावून हातभर लांब धरून बघा. कानांचा कोन जरासा हलवला की तेच तोंड रुसलेलं, कान टवकारलेलं किंवा खोडकर होतं. याला घाईघाईत पाच मिनिटं देऊ नका, अर्धा तास द्या.

लहान बाळासाठी करत असाल तर डोळे दोऱ्यानं भरा. प्लॅस्टिकचे, मण्यांचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका.

पहिलं मांजर काळ्या लोकरीचं करू नका. रात्री ट्यूबलाइटखाली काळे टाके मोजणं म्हणजे डोळ्यांची वाट.

लोकरीचा गुंडा मांजराला खेळायला दिला तर चालेल ना? चित्रांत तर सगळीकडे तेच असतं.

नाही. चित्रांत काही का असेना, लोकर, दोरा, सुई, जरी, रिबिन, रबर यांतलं काहीही मांजराच्या पुढ्यात सोडू नका. या यादीतली ही एकच सूचना आम्ही आवाज चढवून देतो.

मांजराच्या जिभेवर मागं वळलेले बारीक काटे असतात. चाटल्यावर खरखरीत लागतं ते हेच. दोरा जिभेवर आला की या काट्यांमुळे तो बाहेर थुंकता येत नाही, आतच सरकत जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं आणि उरलेला दोरा आतड्यात उतरला, तर आतडं त्या दोऱ्यावर नाडीत ओवल्यासारखं चुण्या घालत गोळा होतं आणि दोरा ते कापत जातो. शस्त्रक्रिया करावी लागते, ती वेळेत झाली तर. सारखी उलटी, जेवण बंद, कोपऱ्यात दबून बसणं, अशी लक्षणं दिसली तर उद्यावर ढकलू नका.

तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत तो कुठं अडकलाय हे तुम्हाला दिसत नाही. आहे तसं मांजर टोपलीत घाला आणि पशुवैद्यांकडे न्या.

येवल्याहून पैठणीच्या जरीचे तुकडे आणणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. चकाकतं, वळवळतं, आणि धार असते. काम संपलं की झाकणाचा डबा. उघडी टोपली म्हणजे शिंकं तुटलं, बोक्याचं फावलं.

संक्रांतीनंतर गच्चीत आणि झाडांत अडकलेला मांजाही गोळा करा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी जानेवारीत तो सापडतोच. येवल्यात तर पतंगांचे तीन दिवस असतात.

खेळायला द्यायचं तर जुन्या मोज्यात कापूस कोंबून गाठ मारलेला बोळा द्या. चावण्याएवढा मोठा, गिळता न येण्याएवढा.

रंग कोणते सुरक्षित?

मांजराच्या घरात पाण्यात मिसळणारे रंग वापरा: पोस्टर, जलरंग, अॅक्रिलिक. ओल्या रंगावर पंजा पडला तर लगेच कोमट पाण्यानं धुवा, कारण ते पुढच्याच क्षणी तो पंजा चाटणार. तैलरंगाचं काम असेल तर टर्पेंटाइनची वाटी उघडी ठेवू नका. ब्रश धुतलेलं पाणीही झाका, त्यांना स्वतःच्या भांड्यापेक्षा दुसऱ्याचं पाणी नेहमी गोड लागतं.

रंग पुसायला फिनाईल नको. फिनॉलसारखे पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची यकृताची एक यंत्रणा मांजरात फार कमजोर असते. पॅरासिटामॉल त्यांना विष ठरतं ते याच कारणानं, एक गोळीही जीव घेऊ शकते. लोकरीच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्याही काढा. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

नवी गोधडी अंथरली की आधी ती पायांनी मळते, मग बसते. का?

पिल्लू असताना दूध उतरावं म्हणून ती आईच्या पोटावर असेच पंजे दाबायची. मऊ आणि उबदार काही मिळालं की ते परत येतं. पंजांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे मळता मळता "ही माझी" असा शिक्काही बसतो. वर गुरगुर चालू असेल तर ती खुशीत आहे. तशी मांजरं दुखत असतानाही गुरगुरतात, म्हणून आजारी मांजराच्या गुरगुरण्यावर विसंबू नका. आवाज साधारण २५ ते १५० हर्ट्झचा, म्हणून तो कानापेक्षा हाताला आधी कळतो.

आणि तिला ऊब लागते ती आपल्यापेक्षा बरीच जास्त. तीस अंशांच्या वरच्या हवेत मांजराला बरं वाटतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत ती तुमच्या लॅपटॉपवर, सेट-टॉप बॉक्सवर, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांवर सापडणारच. मळणारं मांजर मातीत फार छान येतं: पुढचा एक पंजा पसरलेला, बोटं फाकलेली, दुसरा मुडपलेला.

दीड हजाराचं घर आणलं, बसते खोक्यात.

खोक्यात पाठ झाकलेली असते, समोरचं दिसतं, पुठ्ठा ऊब धरतो. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठानं २०१४ मध्ये निवाऱ्यात नव्या आलेल्या मांजरांवर हेच पाहिलं. ज्यांना लपायला खोकं मिळालं त्यांचा ताण लवकर उतरला. द्राक्षांच्या हंगामात खोक्यांना नाशिकमध्ये काय तोटा? त्याला खिडक्या कापा, बाहेरून वाडा रंगवा, नक्षीचे खांब, कडीचं दार. मुलं दिवसभर गुंततात. पिना काढायला आणि चिकटपट्टी सोलायला विसरू नका.

ग्लास माझ्याकडे बघत बघत ढकलते. मुद्दाम?

पहिला बहुधा हलणारी वस्तू तपासायला. दुसऱ्या वेळी तुम्ही धावत आलात ना? मग तिसरा मुद्दाम.

खिडकीतल्या चिमण्या-पारव्यांकडे बघून दातांचा कटकट आवाज करतो. दुखतंय का?

नाही. शिकार दिसतेय आणि मध्ये काच आहे.

चपलेचा वास घेतला की तोंड उघडं टाकून, किळस आल्यासारखं बसतो.

किळस नाही, वास चाखतोय. टाळूला, पुढच्या दातांमागे दोन बारीक छिद्रं असतात, तिथून वास एका खास इंद्रियापर्यंत जातो. वरचा ओठ उचललेला, डोळे शून्यात, असं ते तोंड होतं. कागदाच्या लगद्यातला असा एक मुखवटा आम्ही प्रदर्शनात ठेवतो आणि सगळे हसतात ते त्यालाच.

आमचा बोका श्रीखंडाचं भांडं चाटून लख्ख करतो. त्याला गोड आवडतं!

गोड त्याला कळतच नाही. गोडाची चव घेणाऱ्या ग्राहकाचं एक जनुक मांजरकुळात निकामी आहे, वाघातही. त्याला आवडतो तो चक्क्यातला स्निग्धांश. बोटभर चाटला तर ठीक, वाटीभर दिलंत तर पोट बिघडेल. दुधाचंही तेच, मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही.

बाहेरच्या व्हिडिओंत मांजरं कॅटनिप नावाच्या वनस्पतीवर लोळतात. इथं काय मिळेल?

पावसाळ्यात कुंपणाला, कुंड्यांत आपोआप उगवणारी खोकली ओळखता का? तिच्या उपटलेल्या मुळाच्या वासानं कित्येक मांजरं तशीच वेडावतात. घासतात, लाळ गाळतात, लोळतात. मूळ धुऊन, वाळवून जाड कापडाच्या उशीत शिवा आणि शिवण दुहेरी घाला. वास घेऊ द्या, खाऊ देऊ नका, खोकलीत घातक द्रव्यंही असतात. पाच-दहा मिनिटांनी उशी काढून ठेवा. काही मांजरं ढुंकूनही बघत नाहीत. कॅटनिपचंही असंच असतं, तो गुण वंशातून येतो. अगदी लहान पिल्लांवरही परिणाम होत नाही.

वारली शैलीत मांजर काढलं तर चालेल का?

काढा, पण आधी थोडं समजून घ्या. पेठ, सुरगाणा, जव्हार हा भाग आपल्याला लागूनच आहे. तिथं लग्नात सवाष्णी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते. गेरू-शेणानं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नुसते दोन त्रिकोण जोडून वर शेपूट काढली की वारली होत नाही. त्या चित्रांत कुणी एकटं नसतं. घर, शेत, फेर धरलेली माणसं, कोंबड्या. तुमचं मांजर त्या गर्दीत कणगीच्या कडेला उंदरावर टपलेलं दाखवा, मग ते तिथलं वाटेल. आणि विकायला म्हणून वारली हवी असेल तर तिथल्या कलाकारांकडूनच घ्या.

आपल्या जुन्या कलेत मांजर आहे का? की सगळं जपानी?

जपानचं खूळ आम्हालाही आहे. तिथला कुनियोशी हा चित्रकार घरभर मांजरं पाळायचा. पण आपलंही बघा. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं पल्लवांचं मोठं शिल्प आहे, एका प्रचंड खडकावर कोरलेलं. त्यात तापसांच्या मेळाव्यात एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे हात वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर निर्धास्त आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगाकाठच्या ढोंगी मांजराची गोष्ट आहे, तिचीच आठवण होते. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीघाट चित्रकारांनी तोच बोका घेतला, कपाळी टिळा आणि तोंडात कोळंबी. भोंदू बुवांवर एवढा नेमका टोला क्वचितच कुणी हाणला असेल. पुढं जामिनी रॉय यांनीही मांजरं रंगवली, मोठ्या डोळ्यांची, जाड रेषांची.

गोदाकाठी हे चित्र कुणीतरी नव्यानं काढायला हवं. कुंभमेळा येतोच आहे.

काळी मांजरं तुमच्याकडे उरतात का?

उरतात. "छान आहे हो, पण काळं नको," असं म्हणत लोक केशरी उचलतात. आम्ही तरी करतोच. काळं मांजर आडवं गेलं तर ते उंदरामागे चाललेलं असतं, तुमच्या कामाशी त्याला काय देणंघेणं? रंगवताना निव्वळ काळा वापरू नका. उन्हात बसणाऱ्या काळ्या मांजराच्या केसांना तांबूस झाक येते. काळ्यात थोडा तपकिरी आणि निळा मिसळा.

उसात मांजराचं पिल्लू सापडलं, ठिपके आहेत. पाळू का?

थांबा. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे ऊसतोडीत जी "ठिपक्यांची मांजरं" सापडतात ती वाघाटीची किंवा बिबट्याची पिल्लं असू शकतात. वाघाटी हे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास. करड्या अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर उभे पांढरे पट्टे. पाळणं हा गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. पिल्लू हाताळू नका, त्या भागातली तोड थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आई बहुतेक जवळच असते आणि अंधार पडल्यावर पिल्लं उचलून नेते. चित्र मात्र खुशाल काढा. एवढी देखणी रानमांजर आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपण पर्शियन मांजरांचे फोटो डकवून घेतो.

मांजराच्या गळलेल्या केसांचं काही करता येतं?

येतं. फणीतून निघालेले आतले मऊ केस साठवा, साबणाच्या कोमट पाण्यात बोटांनी गोल गोल फिरवा. घट्ट गोळी होते. त्यात थोडी मेंढीची लोकर मिसळली तर छोटं मांजर सुबक होतं. पावसाळ्याआधी केस जास्त गळतात. मांजर गेल्यावर काहीजण ते केस घेऊन येतात. त्यांच्यासाठी आम्ही वेळ वेगळी ठेवतो, गर्दीत नाही.

वीतभर मांजर आणि एवढी किंमत?

दोन दिवस बसून केलेलं विणकाम आहे. घासाघीस केलीत तर आम्ही चहा देऊ, सवलत नाही.

आमच्या मांजराची हुबेहूब प्रतिकृती हवी. काय पाठवू?

समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि वरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. फ्लॅशमध्ये डोळे चमकतात आणि रंग कळत नाही. पोटावरचा डाग असेल तर तोही. शिवाय तिच्या दोन खोडी लिहून पाठवा. "जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते, एक पाय लोंबता" एवढं वाचलं की कसं बसवायचं ते ठरतं.

रविवारी मांजरालाच घेऊन येऊ का?

नको. अनोळखी जागा, अनोळखी माणसं आणि बाकीच्यांच्या कपड्यांना त्यांच्या मांजरांचा वास. ते घाबरेल, आणि उघड्या गच्चीवरून उडी मारायला वेळ लागत नाही. फोटो आणा, जुनी सुती साडी किंवा धोतर आणा, कात्री स्वतःची आणा. शाडू आणि लोकर इथं आहे. परत जाताना कपडे झटका, नाहीतर घरी उलटतपासणी होईल.